जांभळी नाक्यावरचा किराणा: पाच महिन्यांच्या खरेदीनंतर

गेले पाच महिने आमच्या घरचा महिन्याचा किराणा आणि आठवड्याची भाजी मी ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून भरते. फेब्रुवारीत सासूबाईंच्या रक्तातील साखर वाढलेली आढळली आणि डॉक्टरांनी ताटातला भात कमी करून डाळी, कडधान्ये व भाज्या वाढवायला सांगितले. त्याच महिन्यात मुलीच्या शाळेची फी भरायची असल्यामुळे किराण्यासाठी एक रुपयाही वाढवून मिळणार नव्हता. तोपर्यंत आमची बहुतेक खरेदी घरपोच सामान देणाऱ्या एका ॲपवरून होत असे आणि तिथे पौष्टिक म्हणून दाखवले जाणारे सारे काही, ओट्सपासून निरनिराळ्या बियांच्या पाकिटांपर्यंत, आमच्या खिशाबाहेरचे होते. म्हणून मासुंदा तलावाजवळच्या, कौपिनेश्वर मंदिराच्या परिसरातल्या या जुन्या बाजारात जाऊन पाहायचे ठरवले.

जाण्यापूर्वी यादी करायला बसले तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या दिवसाच्या आहाराचे आकडे समोर ठेवले. २००० कॅलरींच्या आहारात एका माणसाला दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (किंवा त्यांच्या जागी अंडी, मासे, मांस), ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम दाणे व तेलबिया, ३०० मिलिलिटर दूध आणि २७ ग्रॅम तेल-तूप, असा तो हिशेब आहे. प्रत्येकाची गरज वेगळी असते हे मान्य करूनही मी त्याला चार माणसांनी आणि तीस दिवसांनी गुणले. डाळी-कडधान्ये १० किलोंच्या वर गेली आणि तेल सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर, एवढेच आले. आमच्या घरात याच्या उलट चालले होते: डाळी साडेचार किलो आणि तेल सहा लिटर. पैसे कुठे जात होते आणि कुठे जायला हवे होते, हे त्या एका कागदावर स्पष्ट दिसले.

जांभळी नाक्याचा खरा उपयोग इथे होतो. धान्याच्या दुकानात पोती उघडी असतात, हवे तेवढे वजन करून मिळते आणि पाव किलो कुळीथ मागितले तरी कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. मी ज्या दुकानातून माल घेते, तिथले शेठ पहिल्याच दिवशी म्हणाले, "वहिनी, चकाकणारी डाळ बघू नका, हातावर चोळून बघा." त्यांनी दोन पोत्यांतली तूरडाळ माझ्या दोन्ही तळहातांवर ठेवली. एक गुळगुळीत होती, दिव्याखाली चमकत होती. दुसरी मंद पिवळी, किंचित खरखरीत, चोळल्यावर हाताला बारीक पीठ लागणारी. पहिलीला पॉलिश केलेले होते आणि ती महागही होती. दुसरी मी अर्धा किलो नमुना म्हणून आणली. धुताना पहिले पाणी गढूळ निघाले, पण डाळ नेहमीच्या शिट्ट्यांत मऊ शिजली आणि वरणाची चव सासूबाईंना त्यांच्या माहेरची आठवण देणारी वाटली.

भावाबद्दल सांगायचे तर पाकीटबंद डाळींच्या तुलनेत मला किलोमागे पंधरा-वीस रुपयांचा फरक पडतो. त्यातला थोडा वाटा कराचाही आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळी-धान्यांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, सुट्या मालावर लागत नाही. मात्र सगळेच सुटे घ्यावे असे मी म्हणणार नाही. हळद, तिखट आणि तेल मी पाकीटबंदच घेते, कारण भेसळ डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि खाद्यतेल सुटे विकायला तर कायद्याने मनाई आहे. तेलाचे प्रमाण सहा लिटरवरून चारवर आल्यामुळे त्यातला एक लिटर लाकडी घाण्याचे शेंगदाणा तेल घेणे आता परवडते.

दाणे आणि तेलबियांच्या बाबतीत माझा सर्वांत मोठा गैरसमज दूर झाला. बदाम-अक्रोड परवडत नाहीत म्हणून तो रकाना आम्ही कोराच ठेवत होतो. वास्तविक १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २३ ते २५ ग्रॅम प्रथिने असतात आणि बदाम याबाबतीत त्यांच्या पुढे नाहीत. आता महिन्याला दोन किलो शेंगदाणे, अर्धा-अर्धा किलो तीळ, जवस आणि कारळे येतात. कारळ्याची आणि जवसाची चटणी रोज ताटात असते आणि मुलगी डब्यात ती आवर्जून मागते. नाचणीचेही तसेच. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून नाचणीची बिस्किटे आणि कुरकुरीत पदार्थ रंगीत पाकिटांतून मिळू लागले, पण १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम देणारी अख्खी नाचणी इथे पोत्यातून त्या बिस्किटांच्या किमतीच्या अंशात मिळते. घरी धुऊन, वाळवून गिरणीत दळून आणली की भाकरी, आंबील, घावन सगळे होते.

भाजीसाठी मी संध्याकाळी साडेसातनंतर जाते. त्या वेळी फळभाज्यांचे वाटे लागतात आणि दुधी, भोपळा, कोबी, गाजर निम्म्याच्या आसपास भावात मिळू शकतात. पालेभाजी मात्र तोवर मलूल झालेली असते, ती सकाळीच घ्यावी. या बाजारात मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या ग्रामीण भागातून टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका. जूनच्या सुरुवातीला एका मावशींकडे शेवळे ही रानभाजी होती. मी दोन जुड्या उचलल्या तशी त्यांनी माझा हात थांबवला. "काकडं घेतल्याबिगर शेवळं नेऊ नको ताई, घसा खाजंल," असे म्हणून त्यांनी हिरव्या आंबट फळांची मूठ पिशवीत टाकली आणि तिचे वेगळे पैसे घेतले नाहीत. पाऊस लागल्यापासून टाकळा आणि कंटोली येत आहेत. टाकळ्याची जुडी इतकी स्वस्त असते की रोजच्या ४०० ग्रॅम भाजीचा आकडा पावसाळ्यात तरी आवाक्यातला वाटतो.

आता अडचणी. वर्तकनगरहून बसने येऊन दहा-बारा किलोंच्या पिशव्या घेऊन परतणे एकट्या बाईला सोपे नाही, म्हणून जड सामान मी महिन्यातून दोनदा, यजमानांना सुट्टी असेल त्या दिवशीच घेते. रस्ता अरुंद आहे, गर्दी मोठी असते, गाडी लावायला जागा मिळणे कठीण. एकदा एका विक्रेत्याकडून आणलेले दोन किलो बटाटे घरच्या काट्यावर सव्वादोनशे ग्रॅम कमी भरले. तेव्हापासून काट्यावर वैधमापन विभागाची मुद्रा आहे का, हे मी पाहते आणि वजनाआधी आकडा शून्यावर आहे याची खात्री करते. सुट्या मालावर तारीख नसते, त्यामुळे तो किती जुना आहे हे दुकानदाराच्या सांगण्यावरच अवलंबून असते. मे महिन्यात आणलेल्या मुगात आठ दिवसांत पोरकिडे झाले. पावसाळ्यात कडधान्ये पंधरा दिवसांपुरतीच घ्यावीत आणि उरलेली कडक उन्हात वाळवून कडुनिंबाच्या पाल्यासह हवाबंद डब्यात ठेवावीत, हा सासूबाईंचा सल्ला मी आता पाळते. निवडण्या-पाखडण्याचे काम वाढले आहे, तेही खरे. दोघी मिळून रविवारची दुपार त्याला देतो.

पाच महिन्यांत एकूण बिल कमी झालेले नाही, ते पूर्वीइतकेच, साडेनऊ हजारांच्या आसपास आहे. परंतु डाळी-कडधान्ये साडेचार किलोंवरून आठ किलोंवर गेली, बिस्किटे आणि फरसाण जवळजवळ बंद झाले, आणि ॲपवर मोफत डिलिव्हरीची रक्कम गाठण्यासाठी शेवटी टाकली जाणारी चिप्सची पाकिटे आता येत नाहीत. दूध आणि दही मात्र मी घराजवळच घेते, त्यासाठी नाक्यावर येण्यात अर्थ नाही.

फळांचा हिशेब अजून जमलेला नाही. चौघांना महिन्याला १२ किलो फळे हवीत. केळी, पेरू आणि पपई यांवर भर देऊनही आम्ही आठ किलोंच्या पुढे गेलेलो नाही, शिवाय सासूबाईंना केळी जपूनच द्यावी लागतात. सध्या पेरूंसाठी मी सकाळी लवकर, ताजा माल उतरतो त्या वेळी जाऊन पाहते आहे. मागच्या आठवड्यात तीन किलो एकदम घेतल्यावर भाव थोडा उतरला होता.