जैसलमेरला एकट्यानं सफारीला जाणार असाल, तर आधी हे वाचा

गेली एकोणीस वर्षं मी बडोद्यात भूगोल शिकवते. फळ्यावर बारखाणाची, म्हणजे वाळूच्या टेकडीची, चंद्रकोर काढायची, वाऱ्याचा बाण काढायचा, वाऱ्याकडचा उतार मंद आणि आडोशाचा तीव्र असं दरवर्षी सांगायचं. पण वाळूच्या टेकडीवर माझा पाय कधी पडला नव्हता. कच्छचं रण दोनदा पाहिलं, ते मिठाचं. म्हणून या वर्षी दिवाळीच्या एकवीस दिवसांच्या सुटीत, भाऊबीज आटोपून, मी एकटीच जैसलमेरला गेले. जोधपूरपर्यंत रेल्वेनं, तिथून पुढे बसनं.

तिथं मी फसले. आमच्या दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या कितीतरी जणी आता एकट्या फिरायला निघतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, काही न लपवता.

सुरुवात खोलीपासून झाली. किल्ल्याच्या पायथ्याशी चारशे रुपयांत खोली. स्वच्छ, गरम पाणी, शिवाय बसस्टँडवर घ्यायला माणूस येणार, तोही फुकट. ऐन सुटीत इतकी स्वस्त खोली कशी, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. नंतर तिथल्याच एका चहावाल्यानं सांगितलं की खोलीवर त्यांना काही सुटतच नाही. खोली हे आमिष, कमाई सफारीवर. दलालांना तिथं ‘लपका’ म्हणतात. पर्यटकांच्या मागे लागून असं गळाला लावणं राजस्थानात 2010च्या पर्यटन व्यवसाय कायद्यानं गुन्हा आहे, हे मला घरी आल्यावर कळलं.

बॅग ठेवून मी खाली आले, तर चहा तयार आणि समोर एक मुलगा बसलेला, अतिशय गोड बोलणारा. मी त्याला म्हटलं, मला समच्या वाळूच्या टेकड्यांवर जायचं नाही, तिथं फार गर्दी असते असं ऐकलंय. तो लगेच म्हणाला, “मॅडम, आपको खुरी भेजेंगे. भीड़ बिल्कुल नहीं.” वेगळी जीप, दोन तास उंटावर, सूर्यास्त, जेवण, रात्री उघड्यावर चांदण्यात झोप, सकाळचा चहा आणि परत सोडणं. बेचाळीसशे रुपये. मी म्हटलं, आधी दोन-तीन ठिकाणी विचारून येते. इथं त्याचा आवाज बदलला नाही, पण काउंटरवरचा माणूस बोलला. ही खोली सफारीवाल्यांसाठी आहे, नुसती खोली हवी असेल तर पंधराशे.

त्या क्षणी उठायला हवं होतं. दिवसाची वेळ होती, बॅगसुद्धा उघडली नव्हती, बाहेर शंभर पावलांवर दुसऱ्या खोल्या होत्या. माझे गेले होते फक्त चारशे. पण रात्रभराच्या प्रवासानं अंग मोडलं होतं, आणि दोन माणसं समोर उभी असताना ‘नको’ म्हणायला जो जोर लागतो तो एकटीला आणता आला नाही. मी मोबाइलवरून पैसे पाठवले. खात्याचं नाव भलतंच दिसलं, तर म्हणे काकांचं आहे. पावती मागितली, तर वहीचा फाटका कागद मिळाला. त्यावर ‘सफारी 4200 पेड’ आणि एक पहिलं नाव. ना दुकानाचं नाव, ना जीएसटी क्रमांक, ना खुरी हा शब्द.

वेगळी जीप आली, तेव्हा तिच्यात सहाजण आधीच बसलेले होते. खुरी जैसलमेरच्या नैर्ऋत्येला, बरीचशी दक्षिणेकडे, सम पश्चिमेला. नोव्हेंबरात चारच्या सुमारास खुरीकडे निघालं तर ऊन उजव्या हाताला हवं. ते डाव्या खिडकीतून माझ्या मांडीवर पडत होतं. थोड्याच वेळात समच्या वाटेवरच्या कुलधऱ्याची पाटी दिसली आणि शंका उरली नाही. ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, मला समचंच सांगितलंय. त्या मुलाचा फोन बंद.

समला उंट मिळाला तो वीस मिनिटं. मग उंटवाल्या पोरानं दोरी ओढली आणि सांगितलं, पॅकेज इथपर्यंतच, सूर्यास्त दिसतो त्या टेकडीचे पाचशे वेगळे. मी दिले. त्या पोराचा मला राग नाही. वाटेत विचारलं तेव्हा कळलं, मी दिलेल्या सगळ्या पैशांतले दीडशे त्याच्या हातात पडणार. उंटाला जे खायला घालायचं तेही त्यातच.

खरा प्रकार रात्री झाला आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याच्याबद्दल. जेवण झालं, डीजे सुरू होता, काही ऐकू येत नव्हतं. चांदण्यातली झोप म्हणजे कॅम्पच्या स्वयंपाकघरामागे टाकलेली एक खाट निघाली. शेजारी गॅसच्या टाक्या, पलीकडे ड्रायव्हर लोक पत्ते खेळत बसलेले. मी व्यवस्थापकाकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, अकेली हो, बाहर रिस्क है. टेंट ले लो, पंद्रह सौ.”

जी भीती त्यांनीच उभी केली होती, तिच्यापासून संरक्षण तेच मला विकत होते. रात्रीचे साडेनऊ झाले होते, शहर चाळीस किलोमीटरवर, माझ्याकडे वाहन नाही. दोघी असतो तर भांडलो असतो, निदान एकमेकींना साक्षीदार झालो असतो. मी बडोद्यात, मांजलपूरला धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, “ताई, पैसे दे आणि आतून चेन नीट लाव. बाकीचं उद्या बघू.” त्याचं बरोबरच होतं. अशा वेळी पैसे देणं हेच शहाणपण, आणि समोरच्याला ते आपल्याहून चांगलं ठाऊक असतं. म्हणून जे काही ठरवायचं ते अंधार पडायच्या आधी, शहरात असतानाच ठरवायचं.

पहाटे सगळे झोपलेले असताना मी टेकडीवर गेले. वाळूवर वाऱ्यानं उठवलेल्या बारीक लाटा होत्या आणि त्यांवरून कुठल्याशा किड्याच्या पावलांची शिवण गेली होती. आडोशाच्या उतारावर पाय ठेवला तशी वाळू गुडघ्यापर्यंत घसरत आली. साधारण 34 अंशांच्या वर कोरडी वाळू टिकत नाही, हे मी शिकवते. ते पायाला कळलं. ती वीस मिनिटं माझी होती.

खाली आले तर परतीच्या जीपचे सहाशे मागायला माणूस उभा. शेजारच्या तंबूत राजकोटचं एक कुटुंब होतं. त्या बहेननी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “चालो ने, अमारी गाडीमां.” वाटेत हिशोब निघाला. तशीच जीप, तसाच उंट, तसंच जेवण आणि तंबू, त्यांनी माणशी अठराशे दिले होते. माझे खोलीव्यतिरिक्त बासष्टशे गेले.

जैसलमेरला पोलिसांकडे गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण विचारलं ते एवढंच: बिल आहे? कोणाच्या नावाचं? मी तो फाटका कागद पुढे केला. खोलीवाले म्हणाले, आम्ही फक्त खोली देतो, तो मुलगा आमचा नाही.

बडोद्याला येऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, फोन केला. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. म्हणजे जैसलमेरच्या फेऱ्या नकोत, बडोद्यातच केस चालू शकते. फक्त तक्रार कोणाविरुद्ध, ते नाव-पत्त्यासह लिहावं लागतं, आणि माझं अडलं नेमकं तिथंच. त्या पावतीवर एका ओळीत दुकानाचं नाव, ठिकाण आणि काय काय मिळणार एवढं असतं, तर आज माझ्या हातात केस होती. ते लिहून द्यायला जो तयार नसेल त्याला एक रुपयाही देऊ नका, तो कितीही गोड बोलो.

आणखी एक. आठवड्याभरानं फोन आला: मॅडम, तुमची तक्रार पोचली, पैसे परत करतो, पाठवलेला क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. मी पिनपर्यंत पोचले होते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो पैसे पाठवतानाच लागतो, हे वेळेवर आठवलं म्हणून वाचले. तो नंबर मी लगेच सायबर हेल्पलाइनला, 1930 वर, कळवला. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर पुढे जातो, हे लक्षात असू द्या.

आमच्या शाळेतल्या एक बाई जानेवारीत एकट्या जाणार आहेत. त्यांनी खोली आणि सफारी मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी विचारली आहे. खुरीतल्या एकाकडे सगळं लेखी मागितलंय: उंटावर किती वेळ, झोपायची जागा कुठली, परतीची गाडी कोणाची, वरखर्च काय. अजून उत्तर आलेलं नाही. शनिवारपर्यंत वाट बघून त्या दुसरीकडे विचारणार आहेत.