मक्तेदारी की एकाधिकार?

परभणीच्या एका विद्यार्थिनीने कापूसबाजारावरील निबंध लिहिताना यांपैकी कोणता शब्द वापरावा, असे विचारले. दोन्ही शब्द एखाद्या वस्तूवरील वा व्यवहारावरील अनन्य ताबा दाखवतात, परंतु अर्थाची छटा निराळी आहे.

व्युत्पत्ती पाहिली तर ‘मक्ता’ अरबीतून आला आणि ठरावीक रकमेवर घेतलेला वसुलीचा किंवा विक्रीचा ठेका, असा त्याचा जुना अर्थ आहे. 1948 पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या मराठवाड्याच्या कानाला तो परका वाटत नाही. ‘एकाधिकार’ हा संस्कृत घडणीचा, एक आणि अधिकार यांचा समास.

छटेचा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘मक्तेदारी’त तक्रार असते: अमुक घराण्याची बाजार समितीवर मक्तेदारी आहे, असे म्हणताच बोलणाऱ्याची नाराजी ऐकू येते, आणि ‘शहाणपण ही कुणाची मक्तेदारी नाही’ यातही तीच धार आहे. ‘एकाधिकार’ त्या मानाने तटस्थ, म्हणूनच 1972 मध्ये राज्याने सुरू केलेल्या, कापूस फक्त शासनानेच विकत घेण्याच्या योजनेचे नाव ‘एकाधिकार कापूस खरेदी’ असे पडले. तेथे ‘मक्तेदारी’ म्हटले असते तर शासनाने स्वतःवरच आरोप केल्यासारखे झाले असते. मात्र ‘एकाधिक’, म्हणजे एकाहून अधिक, या शब्दाशी त्याची गल्लत होते, हा त्याचा खरा दोष.

वापरण्यास सोपा शब्द अर्थातच ‘मक्तेदारी’.

त्या निबंधात या सरकारी खरेदी योजनेसाठी ‘एकाधिकार’ योग्य. भाव पाडणाऱ्या मोजक्या व्यापाऱ्यांविषयी लिहिताना, तसेच वृत्तपत्रात व भाषणात, ‘मक्तेदारी’च हवी.