त्या जाहिरातीतला चष्मेवाला माणूस मी आहे

फेसबुकवर एका कोचिंग कंपनीची जाहिरात बरेच महिने फिरत होती. निळा शर्ट, चष्मा, मागे हॉटेलचा तपकिरी पडदा. त्यातला माणूस म्हणतो, "तीस वर्षांचा अनुभव माझ्याकडे नुसता पडून होता, या प्रोग्रॅमने त्याचं सोनं केलं." तो माणूस मी. हे बोललो तेव्हा प्रोग्रॅम सुरू होऊन दोनच दिवस झाले होते आणि मला त्यातून एक रुपयाही मिळालेला नव्हता. आजपर्यंत मिळालेला नाही. वाक्य त्यांनी लिहून दिलेलं होतं, तोंड माझं होतं. ते ऐकून ज्यांनी पैसे भरले त्यांच्यासाठी, आणि जे आज भरायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ३१ वर्षं बॉयलर हाऊसमध्ये काढली. अटेंडंट म्हणून लागलो आणि पूर्ण युटिलिटी विभाग सांभाळून ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. पाण्याची पातळी दाखवणारी काच प्रत्येक पाळीला का झाडायची, तळाचा गाळ बाहेर काढणारा ब्लोडाऊन किती उघडायचा, पाणी मऊ करणारा सॉफ्टनर थकला की नळ्यांत खार कसा धरतो आणि तो पातळ थर किती इंधन खातो, हे मी पुस्तकातून नाही, हात भाजून शिकलो. दरवर्षी बाष्पके संचालनालयाच्या तपासणीआधी बॉयलर उघडून आत उतरायचं कामही माझंच. निवृत्तीनंतर सकाळी साडेपाचला जाग यायची आणि जायला कुठं नसायचं. हे सगळं कुणाला तरी शिकवावं असं मनापासून वाटत होतं. त्याच दिवसांत मोबाईलवर आलं: तुमच्या अनुभवातून महिन्याला तीन लाखांचा कोचिंग प्रोग्रॅम बनवा.

आधी ९९ रुपयांचा वेबिनार होता. तीन तासांपैकी बहुतेक वेळ लोकांच्या खात्यात जमा झालेल्या रकमांचे फोटो दाखवण्यात गेला. शेवटी एक मोफत कॉल आणि त्यासाठी फॉर्म. वय, पगार किती होता, आणि ‘स्वतःमध्ये किती गुंतवणूक करू शकता’. मी खरं भरलं. पीएफ नुकताच हातात आला आहे हेही लिहिलं. आता कळतं की पुढच्या कॉलमधली किंमत माझ्याच हाताने मी त्यांना दिली होती. असा प्रश्न फॉर्ममध्ये दिसला तर तिथंच थांबा.

कॉल ५० मिनिटं चालला. मुलगा नम्र होता, माझ्या मुलीच्या वयाचा असावा.

"सर, किती वर्षांचा अनुभव?"

"एकतीस."

"आणि आज त्याचे तुम्हाला महिन्याला किती मिळतात?"

मी गप्प. तोही गप्प. तो किती वेळ बोलला नाही ते मला अजून आठवतं, कारण ती शांतता मला सहन होत नव्हती. मग त्याने फी सांगितली: १,४९,००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७५,८२०. ९० दिवसांत पाच क्लायंट, नाही मिळाले तर पूर्ण पैसे परत. जागा बारा, त्यातल्या दोन उरलेल्या.

मी म्हटलं, "घरी विचारून उद्या सांगतो."

"सर, एकतीस वर्षं एवढा मोठा बॉयलर तुम्ही मॅडमना विचारून चालवला का?"

हे वाक्य त्यांना शिकवलेलं असतं. वर्ध्याच्या एका गृहस्थांना, ज्यांच्याबद्दल पुढं सांगतो, त्यांनी बॉयलरच्या जागी वर्कशॉप म्हणून तेच विचारलं होतं. ते माझ्या वर्मी लागलं. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "कोणाशी बोलून राहिले हो इतका वेळ?" मी म्हटलं, "कंपनीचं काम आहे." तिच्याशी मी खोटं बोललो, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं की जे घरात सांगता येत नाही ते घ्यायचं नसतं. २५,००० यूपीआयने तिथल्या तिथे गेले. उरलेले १,५०,८२० एका अॅपवरून ‘बिनव्याजी हप्त्यां’त. ओटीपी मीच वाचून दाखवला.

इथं मी जरा थांबतो, कारण अनेकजण याच ठिकाणी अडकलेत. तो हप्ता म्हणजे त्या कोचिंग कंपनीची सवलत नव्हती. एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर दिलेलं ते कर्ज होतं. पैसे त्याच आठवड्यात कोचिंगवाल्यांकडे पोहोचले. पुढं त्यांनी शिकवलं काय, नाही शिकवलं काय, महिन्याला साडेबारा हजारांवर हप्ता माझा मलाच भरायचा. बंद केला तर सिबिल माझंच बिघडणार. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांपासून अशा डिजिटल कर्जातून ठरावीक मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मुदत कर्जाच्या कागदात लिहिलेली असते. माझा कागद त्याच रात्री ईमेलवर आला होता, १९ पानांचा, इंग्रजीतला. मी तो दोन महिन्यांनी उघडला. तुम्ही त्याच रात्री उघडा, इंग्रजी जड वाटलं तर पोराला, पुतणीला बसवून वाचून घ्या.

मग वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात दोन दिवसांचा कार्यक्रम झाला. चाळीसेक माणसं: निवृत्त शिक्षिका, परिचारिका, बँकेतले, एक वनरक्षक. गाणी, टाळ्या, डोळे मिटून पाच वर्षांनंतरचं घर बघणं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर एकेकाला पडद्यासमोर उभं करून व्हिडिओ घेतले. "आत्ताच मनात सकारात्मक बोला सर, तसंच घडतं," म्हणाले. सगळे बोलत होते. मीही बोललो.

शिकवणं म्हणाल तर आधीच रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि आठवड्यातून एक कॉल. ज्यांचं नाव बघून पैसे भरले ते मुख्य प्रशिक्षक मला हॉटेलात एकदा, तेही लांबून दिसले. माझा विषय ठरवायच्या कॉलवर एक मुलगी म्हणाली, "सर, बॉयलर कोण ऐकणार? आपण इंडस्ट्रियल लीडरशिप ट्रान्सफॉर्मेशन कोच लिहू." मला त्याचा अर्थही नीट कळला नाही. अनुभवाचे पैसे करून देतो म्हणून ज्यांनी बोलावलं, त्यांनी सर्वांत आधी माझा अनुभवच खोडून टाकला. माझी गरज कुणाला आहे हे मला माहीत होतं: भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधल्या पोरांना, जे कोंड्यावर बॉयलर चालवतात आणि उसना म्हणजे उकडा तांदूळ काढतात, आणि अटेंडंटच्या सरकारी परीक्षेला बसतात. ती पोरं ५० हजारांचा ऑनलाइन कोर्स घेणार नाहीत. हे मी सांगितलं तर उत्तर मिळालं, "ही तुमची गरिबीची मानसिकता आहे."

जाहिरातीचा खर्च वेगळा, तो माझा. ३८,००० घातले. ६१ फोन नंबर आले. मी प्रत्येकाला फोन केला. बहुतेक नोकरी शोधणारी पोरं होती. कामठीचा एक मुलगा म्हणाला, "काका, फिटरची जागा आहे का? आयटीआय झाला आहे." त्या दिवशी पुढचे फोन मी केले नाहीत.

९० दिवस संपल्यावर पैसे परत मागितले. तेव्हा अटी समोर आल्या. सगळ्या लाइव्ह सत्रांना हजेरी हवी, रोजचा अहवाल हवा, १०० विक्रीचे कॉल रेकॉर्ड करून पाठवलेले हवेत. माझी चार सत्रं मेहुण्याच्या आजारपणात चुकली होती. ‘पात्र नाही’ असा एका ओळीचा मेल आला. त्याच आठवड्यात साडेतीन लाखांच्या पुढच्या पातळीचं आमंत्रणही आलं, आणि माणूस आणला तर दहा टक्के कमिशनचं. आमच्या गटात फक्त दोघींना पैसे मिळाले होते. त्यांचे ग्राहक कोण, तर गटातलेच दुसरे लोक.

पावती काढून बघितली. जीएसटी घेतला होता, नंबर छापलेला होता. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता कुणालाही नंबर टाकून बघता येतो. मी टाकला तर नोंदणी रद्द झालेली. हे दोन मिनिटांचं काम आहे आणि ते पैसे देण्याआधी करता येतं.

मग वर्ध्याच्या गृहस्थांचा फोन आला. आयटीआयत वेल्डिंग शिकवून निवृत्त झालेले. माझा नंबर त्यांना गटातून मिळाला होता. रागावले नव्हते. म्हणाले, "तुमच्याकडे बघून भरले जी मी. आपल्यासारखाच माणूस दिसला. तुम्हाला किती मिळाले, तेवढं फक्त सांगा." त्यांनी एफडी मोडली होती. मी खरं सांगितलं. पलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती आधी काही बोलली नाही. सकाळी चहा ठेवून म्हणाली, "तो व्हिडिओ आधी काढायला लावा. पैशाचं नंतर पाहू."

व्हिडिओ काढायला लेखी नोटीस पाठवली. २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, जाहिरातीत कुणी शिफारस केली तर ती त्याच्या खऱ्या मतावर आणि पुरेशा माहिती-अनुभवावर आधारलेली असावी लागते. दुसऱ्या दिवसाच्या अनुभवावर सोनं होत नाही, हे मी तारखांसकट लिहिलं. नऊ दिवसांनी जाहिरात दिसायची थांबली. इतरांचे व्हिडिओ अजून आहेत. त्यातल्या एखाद्याला बघून भरणार असाल तर त्या माणसाचा फोन नंबर मागा, आणि या प्रोग्रॅमबाहेरच्या किती लोकांनी त्याला पैसे दिले ते विचारा.

पैशासाठी १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीचं उत्तर आलं की मी हे धंद्यासाठी घेतलं, म्हणून मी ग्राहकच नाही, आणि करारानुसार दावा बंगळूरलाच चालेल. अशा पत्राला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत, तोच मुद्दा सेवेसाठीही मांडता येतो, आणि तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. मध्ये कंपनीने ४०,००० देऊ केले, सोबत ‘मी पूर्ण समाधानी आहे’ असा कागद सही करायला. माझ्या नावाने आणखी एक खोटं वाक्य मला नको होतं. सही केली नाही. हप्ते अजून भरतो आहे.

मधल्या काळात मौद्याच्या एका राइस मिलवाल्याने, जुन्या ओळखीतून, एक दिवस बोलावलं. तीन ऑपरेटर, काच झाडण्यापासून सुरुवात. जाण्यायेण्याचा खर्च आणि चार हजार मिळाले. पुढच्या हंगामाआधी पुन्हा या म्हणाले.

गेल्या सोमवारी वर्ध्याचे गृहस्थ नागपूरला आले. त्यांना त्यांच्या जिल्ह्यात तक्रार करायची आहे, पण कागद कसे लावायचे ते बघायला माझ्याकडे आले होते. पावती, कर्जाचा करार, व्हॉट्सअॅपचे संदेश. शेवटी त्यांनी एक रंगीत प्रिंट काढली: निळा शर्ट, चष्मा, तपकिरी पडदा. "हे लावू का जी? तुमचा चेहरा आहे म्हणून विचारतो."

मी म्हटलं, पहिल्या पानावर लावा. आणि खाली साक्षीदार म्हणून माझं नाव लिहा.