पावसाळाभर डीह्युमिडिफायर वापरला: हवेतली ओल गेली, भिंतीतली नाही

रत्नागिरीत वरच्या मजल्यावर राहतो. जूनमध्ये घेतलेलं हे हवेतलं पाणी खेचून टाकीत जमवणारं यंत्र सप्टेंबर संपेपर्यंत जवळजवळ रोज चाललं. ज्या कामासाठी बनवलंय ते चोख करतं, पण दुकानदार सांगतो ते सगळं करत नाही.

खोक्यावर '१२ लिटर' लिहिलंय, ते ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेत दिवसभरात निघणाऱ्या पाण्याचं माप. हवा कोरडी होत गेली की पाणी कमी निघतं. टाकी लहान, रात्री लावलं की पहाटे भरून आपोआप बंद. शेवटी नळी थेट मोरीत सोडली. बंद खोलीतली आर्द्रता ८८ वरून ५८-६० वर येते. ६० च्या खाली राहिली की बुरशीचं फावत नाही. चामडी पट्ट्यांवर दरवर्षी धरणारा हिरवट बुरा यंदा दिसला नाही, कपाटातला कुबट वासही गेला. २५० वॉट, म्हणजे आठ तासांना दोन युनिट. खोली मात्र थोडी तापते, आणि खिडक्या उघडण्यावरून आईशी रोज वाद.

पश्चिमेची भिंत तशीच. प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून ठेवला. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल हवेतली, आतून धरलं तर भिंतीतली. आमच्याकडे आतून! तिथे यंत्र काय करणार? गच्चीची गळती थांबल्याशिवाय रंग-पुट्टी म्हणजे पुढच्या वर्षीचे पोपडे.

हवेचा नमुना तपासून देणारेही भेटले. डाग डोळ्यांनी दिसतोय, मग कशाला? बुरशीचे कण किती चालतात याची सर्वमान्य मर्यादाच नाही, आणि काळी म्हणजे विषारी असंही नसतं. कुठलीही असो, काढायचीच.

काढताना एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी. कोरडा ब्रश घासला की कण घरभर उडतात. ब्लीच वापरलंच तर त्यात संडास धुण्याचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू होतो. मेलेली बुरशीसुद्धा अ‍ॅलर्जी देते, म्हणून पुसून उचलायलाच हवी. बुरशी खोल गेलेली गादी सरळ टाकून दिली.

वडिलांना दमा आहे. रात्रीचा खोकला कमी झाला, पण त्याच सुमारास डॉक्टरांनी पंपही बदलला होता, त्यामुळे सगळं श्रेय यंत्राला देत नाही.

आधी काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. आकडा सत्तरच्या वर ठाण मांडून बसला असेल तरच यंत्राचा विचार करा. वॉटरप्रूफिंगवाला दिवाळीनंतर येतो म्हणालाय; तोवर कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलंय.