दाढीचं सामान घेताना: खाऱ्या हवेत काय टिकतं आणि चेहऱ्याला काय मानवतं

देवगड तालुक्यात किनाऱ्यालगतच्या गावात माझं औषधाचं दुकान आहे. वैशाखाच्या उकाड्यात आणि पुन्हा गणपतीच्या आधी एक गिऱ्हाईक हमखास येतं. दर वर्षी माणूस वेगळा, तक्रार तीच. शर्टाचं वरचं बटण काढतो, हनुवटी वर करतो आणि म्हणतो, "काका, मानेक बघा काय झाला हा. दाढी केलय की असाच होता." जबड्याखाली लाल दाण्यांची रांग, मधूनच एखादी पिकलेली पुळी.

मी लगेच मलम देत नाही. दाढी कशाने करता, आंघोळीआधी की नंतर, आणि झाल्यावर रेझर कुठे ठेवता, एवढं आधी विचारतो. उत्तरंही जवळजवळ ठरलेली असतात: तीन पात्यांचा रेझर, आंघोळीआधी घाईत, आणि रेझर न्हाणीतल्या कोनाड्यात. दुखणं बहुतेक वेळा या तीन उत्तरांतच सापडतं. म्हणून नवीन सामान घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी समोरासमोर ठेवून लिहितोय. पुण्याच्या थंडीत गाल फुटतात, तिथे राहणाऱ्या भावाला जे क्रीम मानवतं ते इथे मानवेलच असं नाही. आपल्याकडे मार्चपासून घाम, जूनपासून ओल आणि बारा महिने खारं वारं. निवड या हवेकडे बघून करायला हवी.

रेझर: साधं पातं, कार्ट्रिज की ट्रिमर

सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर.

कार्ट्रिज म्हणजे पूर्ण बदलायचं डोकं असलेला रेझर. तीन किंवा पाच पात्यांच्या कार्ट्रिजचं काम असं चालतं: पहिलं पातं केसाला धरून थोडा वर ओढतं, मागचं पातं तो आत परत जायच्या आधी कापतं. गाल त्यामुळे गुळगुळीत लागतो, यात शंका नाही. पण कापलेलं टोक कातडीच्या पातळीच्या खाली जातं. केस सरळ असेल तर काही बिघडत नाही. केस कुरळा असेल, तर वाढताना तो वळून पुन्हा कातडीत शिरतो आणि तिथे दाणा उठतो. मानेवर केसांची दिशा वेडीवाकडी असते, वर घाम आणि कॉलरची घासणी, म्हणून मान आधी बिघडते. मी स्वतः चार वर्षं असाच महागडा रेझर वापरला आणि मानेवर काळे डाग पाडून घेतले. साध्या पात्यावर आल्यावर दाणे थांबले. डाग जायला मात्र वर्ष गेलं.

साध्या दोन-धारी पात्याचा सेफ्टी रेझर आपल्या आजोबांच्या पेटीतला. अमेरिकेच्या किंग जिलेट यांना त्याचं पेटंट १९०४ मध्ये मिळालं. पात्याचा तो आकार पुढे सगळ्यांनीच उचलला, त्यामुळे आजही कुठल्याही कंपनीचं पातं कुठल्याही दांड्यात बसतं. खर्चाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. एक पातं दोन-चार रुपयांना मिळतं आणि चार-पाच दाढ्या नीट होतात. एक दिवसाआड दाढी धरली तर वर्षाच्या साधारण १८० दाढ्या, म्हणजे छत्तीस ते पंचेचाळीस पाती, आणि वर्षाचा खर्च दोनशे रुपयांच्या आतबाहेर. कार्ट्रिजचा एक डबा घेताना एवढे सहज जातात.

त्याची अडचण हातात आहे. कार्ट्रिजची मान वळते, चुकलेला हात ती सांभाळून घेते. सेफ्टी रेझर सांभाळत नाही. पातं गालाशी साधारण तीस अंशांत लागेल असा दांडा धरायचा, दाबायचं नाही, रेझरच्या वजनानेच तो खाली येऊ द्यायचा. पहिल्या आठवड्यात हनुवटीवर एक-दोन ठिकाणी कापेल. ज्याला सकाळी पाच मिनिटांत दाढी उरकून सहाची एस्टी पकडायची आहे, त्याने रविवारी हात बसवावा आणि मग बदलावं. मधला मार्ग हवा असेल, तर एकाच पात्याचा प्लास्टिकचा स्वस्त रेझर गावातल्या दुकानातही मिळतो. मुलाने पहिल्यांदा दाढी करायला घेतली, तेव्हा मी त्याला तोच दिला.

ट्रिमरची तर्‍हा वेगळी. तो कातडीला लागतच नाही, अर्धा-एक मिलिमीटर खुंट ठेवतो. ज्याची दाढी कुरळी आहे आणि मान सतत फुलते, त्याच्यासाठी हाच सगळ्यात चांगला उपाय. त्वचेचे डॉक्टरही अशा माणसाला खुंट राखायला सांगतात. दाढी गुळगुळीत दिसणार नाही, पण मान शांत राहील. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, म्हणून चार्ज होणारा घ्या, आणि पात्यात अडकलेले केस ब्रशने झाडून तो न्हाणीबाहेर कोरड्या जागी ठेवा. वायरचा फिरत्या जाळीचा शेव्हर मी इथे सहसा सुचवत नाही. घामेजल्या गालावर जाळी चिकटते, सरकत नाही, आणि किंमत सगळ्यांत जास्त.

आता ती न्हाणीतल्या कोनाड्याची गोष्ट. आषाढात ओला रेझर तिथे ठेवला, की पात्याच्या कडेला तांबूस ठिपके दिसायला लागतात. पातं स्टेनलेसचं असलं तरी खारी हवा आणि सततची ओल त्याला सोडत नाही. धारेवर एवढीशी खरड आली तरी केस कापण्याऐवजी उपटला जातो, आणि आपण "पातं बोथट झालं" म्हणून जास्त दाबतो. कोयती जशी पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवतात, तसंच रेझरचं करा. धुतला की झटकायचा, धारेला बोट न लावता खोबरेलाचा एक थेंब पात्यावर सोडायचा आणि माजघरात किंवा कपाटात, जिथे ओल नाही तिथे ठेवायचा. दाढीचा ब्रश केस खाली येतील असा टांगून ठेवा. उभा ठेवला तर पाणी मुळाशी साचतं आणि श्रावणात त्याला वास येतो. टॉवेलचंही तेच. चार दिवस न वाळलेल्या टॉवेलने ताजी दाढी पुसणं म्हणजे पुळ्यांना आमंत्रण.

सलूनला जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: पातं आपल्यासमोर फोडून वस्तऱ्यात बसवलेलं बघा. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात बाहेरही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. सगळ्यांच्या गालावरून फिरणारा तुरटीचा खडाही नको. आपला खडा खिशात घेऊन जा, कोणी वाईट मानत नाही. आणि "उलटा हात मारू का?" म्हणून विचारलं, तर मान फुलणाऱ्याने नाही म्हणावं.

घरी करतानाही सुलट्या हातानेच. गाल, जबडा, मान यांवर बोट फिरवून बघा. ज्या बाजूने खरखर लागत नाही ती केसांची दिशा. मानेवर ती डावी-उजवीकडे वेगळी असू शकते. एकदा नीट बघून ठेवली की आयुष्यभर पुरते.

फेस कशाचा

आधी पाणी, मग फेस. दाढीचा केस दोन-तीन मिनिटं पाण्यात भिजला की मऊ पडतो आणि कमी ताकदीत कापला जातो. म्हणून आंघोळीनंतरची दाढी आंघोळीआधीच्या दाढीपेक्षा नेहमी बरी, मग वर क्रीम कुठलंही असो. नुसता हा क्रम बदलून बरे झालेले लोक मी बघितले आहेत.

डब्यातला तयार फोम हवेचाच असतो, लगेच बसतो, घाईच्या माणसाला ठीक. ट्यूबचं क्रीम आणि ब्रश यांनी केलेला फेस दाट होतो, ब्रश केस उभे करतो, आणि ट्यूब फोमच्या डब्यापेक्षा कितीतरी जास्त पुरते. माझं मत ब्रशकडे आहे. समुद्राजवळच्या विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं, तेव्हा कुठलाच फेस नीट येत नाही. अशा वेळी दाढीपुरतं तांब्याभर पिण्याचं पाणी वेगळं घ्या. अंगाच्या साबणाने दाढी करू नका. त्याचा फेस लगेच वाळतो आणि पातं कोरड्या कातडीवर घसरतं.

दाढीनंतर: तुरटी, आफ्टरशेव की बाम

पावसात गढूळ पाणी निवळायला जी तुरटी फिरवतात तीच ही. ओला खडा फिरवला की बारीक कापलेलं आकसतं, रक्त थांबतं. जिथे जास्त चरचरतं तिथे आपण जास्त दाबलं होतं, हे कळायला तिच्यासारखी तपासणी नाही. अर्ध्या मिनिटाने थंड पाण्याने धुऊन टाका. तशीच ठेवली तर कातडी ओढल्यासारखी होते. पंधरा-वीस रुपयांचा खडा वर्षभर पुरतो.

स्पिरिटवाला आफ्टरशेव चरचरतो म्हणून लोकांना तो गुणकारी वाटतो. वास छान असतो, जंतूही मारतो, पण कातडीतलं पाणी घेऊन जातो. पुन्हा लगेच उन्हात जाणाऱ्याचा गाल त्याने जळतो. बाम मऊ असतो, पण इथे उन्हाळ्यात जड वाटतो. माझी निवड: तुरटी, पाणी, आणि वर हलकं जेल. बाम मार्गशीर्ष-पौषात वापरा.

चेहऱ्याला खोबरेल लावावं का?

या प्रश्नावर घराघरांत वाद आहे, आणि मलाही तो मनापासून सोडवावासा वाटतो, कारण खोबरेल आपल्याकडे केवळ तेल नाही, आईच्या हाताचा भाग आहे. अंगाला, केसांना, फुटलेल्या टाचांना लावा. पायाच्या नडगीला थंडीत याच्याइतकं चांगलं काही नाही. चेहऱ्याचं मात्र वेगळं. तिथे तेलग्रंथी आधीच भरपूर, त्यावर घाम, त्यावर खोबरेल. छिद्रं बुजतात आणि पुळ्या येतात. दाढी राखणाऱ्यांना आणखी एक त्रास: दाढीच्या मुळाशी पांढरे पापुद्रे आणि कंड. कातडी कोरडी पडली असं समजून लोक आणखी तेल लावतात. पण तो बहुतेकदा दाढीतला कोंडा असतो, आणि कोंड्याला कारण असलेली बुरशी तेलावरच पोसते. तिथे तेल बंद करून कीटोकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवा. बऱ्याच जणांना तीन-चार आठवड्यांत फरक दिसतो.

मग लावायचं काय? ग्लिसरीन किंवा नायसिनामाइड असलेलं, पाण्यासारखं पातळ जेल मॉइश्चरायझर, वाटाण्याएवढं. ज्यांचा चेहरा कोरडा आहे त्यांनी थंडीपुरतं लोशन घ्यावं. आपलं कोकमाचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, ओठांना आणि भेगांना उत्तम. ते अंगाच्या उबेला हळूहळू वितळतं, पण पूर्ण चेहऱ्यावर तेही जडच.

धुण्यासाठी फेसवॉश की साबण? साध्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, नऊ-दहा, कातडीचा पाचच्या आसपास. साबणाने चेहरा करकरीत होतो, तो करकरीतपणा म्हणजे स्वच्छता नाही. सौम्य फेसवॉश सकाळ-संध्याकाळ पुरे, मधल्या वेळी घाम आला तर नुसतं पाणी. पुळ्या येणाऱ्याने रात्री सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा फेसवॉश घ्यावा, दाढीच्या दिवशी तो टाळावा.

सनस्क्रीन

जेटीवर काम करणारे, कलमांच्या बागेत दिवस काढणारे, रिक्षावाले यांच्या चेहऱ्याला सगळ्यात जास्त गरज याचीच, आणि घेतात सगळ्यात कमी. पाणी आणि वाळू ऊन परत फेकतात, म्हणून होडीवर टोपी घालूनही हनुवटीखालचं रापतं. ट्यूबवरचा एसपीएफ हा आकडा ऊन किती अडतं ते सांगतो. एसपीएफ ३० आणि ५० यांत वाटतो तेवढा फरक नाही: पहिलं कातडी भाजणारे यूव्हीबी किरण सुमारे ९७ टक्के अडवतं, दुसरं ९८. खरा फरक किती लावता यात आहे. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर दोन रेघा. पन्नास ग्रॅमची ट्यूब महिना-सव्वा महिन्यात संपायला हवी. तीन महिने पुरली तर तुम्ही नावापुरतं लावताय. क्रीम नको, जेल घ्या. होडीवाल्याने पाण्यात टिकणारं घ्यावं, दर दोन तासांनी पुन्हा लावावं आणि संध्याकाळी गोड्या पाण्याने खार धुऊन टाकावा.

कोणी काय घ्यावं

समुद्रावर जाणारा खलाशी असाल तर ट्रिमर, पाण्यात टिकणारं सनस्क्रीन, फेसवॉश. दाढी बंदरावर परतल्यावर करा, ताज्या दाढीवर खारं पाणी झोंबतं. रत्नागिरीत कचेरीत बसत असाल आणि गुळगुळीत दाढी हवी असेल, तर सेफ्टी रेझर, ब्रश, क्रीम, तुरटी, जेल. एसपीएफ ३० पुरेल. कॉलेजातला मुलगा, तोंडावर पुळ्या, दाढी विरळ: एका पात्याचा रेझर आठवड्यातून दोनदा, सॅलिसिलिकचा फेसवॉश, जेल, आणि डोक्याचं तेल रात्री कपाळावर उतरू न देणं. आठ दिवसांनी एकच वस्तू वाढवा, सगळं एकदम सुरू केलंत तर चेहरा कशाने बिघडला ते कळणार नाही.

एका गोष्टीबद्दल मी गिऱ्हाइकाशी भांडतो. मानेवर किंवा दाढीत गोल, कडेला उठलेला, खाजणारा चट्टा असेल तर तो नायटा असू शकतो. पावसाळ्यात तो घरात एकाचा दुसऱ्याला होतो. त्यावर "ती लाल ट्यूब द्या" म्हणून स्टिरॉइड मिसळलेलं मलम मागू नका. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून औषध लागू पडलं असं वाटतं. आतून बुरशी पसरत असते आणि कातडी पातळ होत जाते. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, पण दुसरीकडे मिळतं हे मला माहीत आहे. त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. दाणे पिकून दुखायला लागले, किंवा ताप आला, तर त्याच दिवशी जा आणि तोवर त्या जागी पातं लावू नका.