दूरदर्शनच्या जुन्या मालिका कॅसेटवरून उतरवणारी यूएसबी स्टिक: आठ महिन्यांच्या वापरानंतर

व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवणारी ही साधी कॅप्चर स्टिक. पिवळी, पांढरी आणि लाल पिन, शिवाय एस-व्हिडिओची गोल पिन. आठ महिने तिला एकच काम होतं: ऐंशीच्या दशकात घरोघरी रेकॉर्ड झालेल्या हलक्याफुलक्या मालिका शीर्षकगीतासकट वाचवणं. 'ये जो है ज़िंदगी', 'मालगुडी डेज', 'वागळे की दुनिया', 'मिस्टर योगी'. आधी मत सांगून टाकतो. स्टिक पैसे वसूल करते, पण चित्र आणि आवाज कसा येणार हे नव्वद टक्के व्हीसीआर (कॅसेट चालवणारं यंत्र) आणि फीत ठरवतात.

सुरुवात कॅसेटपासून करा. खिडकीतून स्पूलच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या कॅसेटमध्ये ती हमखास सापडते. अशी कॅसेट तशीच लावली तर बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि साफ करताना तोंडाला मास्क लावा. चांगली दिसणारी कॅसेटसुद्धा आधी पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, कारण वर्षानुवर्षं पडून फीत कुठे सैल, कुठे घट्ट झालेली असते. कण्यावरची रेकॉर्डिंगची प्लास्टिकची टॅब शाबूत असेल तर कॅसेट यंत्रात जाण्यापूर्वीच तोडून टाका. चुकून लाल बटण दाबलं गेलं तर 1986 सालचा भाग परत मिळणार नाही.

हेडसाठी 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शामॉय (मऊ, तंतू न सोडणाऱ्या) चामड्याचा तुकडा. तुकडा ड्रमवर (हेड बसवलेल्या फिरत्या दंडगोलावर) हलका टेकवून धरायचा आणि ड्रम हाताने आडवा फिरवायचा. वरखाली घासलं की हेडचं टोक तुटतं. कापसाचे बोळे तिथे नकोतच, त्यांचे तंतू अडकतात. कॅपस्टन (फीत ओढणारा दांडा) आणि आवाजाच्या हेडला ते चालतात. हे सगळे भाग साफ करून वाळल्यावरच कॅसेट लावा.

आता शीर्षकगीताचा मुद्दा, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. लोक गाण्याची पहिली सुरावट ऐकू आल्यावर रेकॉर्डचं बटण दाबायचे. त्यामुळे फितीवर गाणं आणि रेकॉर्डिंगचा सांधा (नवं रेकॉर्डिंग सुरू होतं ती जागा) एकाच ठिकाणी येतो. व्हीसीआरला तिथे सिग्नल पकडायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात तो निळा पडदा दाखवून आवाजही दाबतो. मेन्यूत निळी पार्श्वभूमी बंद करण्याची सोय असेल तर ती आधी बंद करा, पडद्यावर येणारी 'प्ले'ची अक्षरंही बंद करा. मग सांध्याच्या अर्धा मिनिट आधीपासून चालवा. एवढ्यानेच 'ये जो है ज़िंदगी'मधला किशोरकुमारांचा आवाज पहिल्या शब्दापासून मिळतो.

आवाजाबद्दल अपेक्षा नीट ठेवा. त्या काळच्या साध्या व्हीसीआरवर आवाज फितीच्या कडेच्या एका अरुंद पट्टीत, मोनो नोंदवला जायचा. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत फितीचा वेग सेकंदाला 2.34 सेंटिमीटर, त्यामुळे वरचे सूर मुळातच बोथट. एलपी, म्हणजे निम्म्या वेगावर रेकॉर्ड केलं असेल तर आणखी बोथट. म्हणून सुसू आवाज काढून टाकणारे फिल्टर जोरात लावू नका. एल. वैद्यनाथन यांचं मालगुडीचं संगीत असल्या सफाईत पाण्याखाली वाजल्यासारखं होतं. थोडी सुसू राहू द्या. पातळी सर्वोच्च ठिकाणी उणे 6 डेसिबल, नोंद 48 किलोहर्ट्झवर. आवाज फक्त डाव्या कानात येत असेल तर स्टिक बिघडलेली नाही. व्हीसीआरला आवाजाची एकच पिन आहे, तोच ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये उजवीकडे उतरवा.

चित्रासाठी 720 गुणिले 576, सेकंदाला 25 फ्रेम. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये लॉसलेस कोडेक (चित्राचा दर्जा न घटवता साठवणारा प्रकार) वापरा, तासाला साधारण 30 जीबी जागा धरा. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सोपं आहे, पण ते आपोआप 30 फ्रेमवर राहतं आणि पात्रं चालताना झटके बसतात. स्टिकचा कॉन्ट्रास्ट मुळातच जास्त आहे, पांढरे शर्ट आणि पांढरी नामावली जळून जाते. ड्रायव्हरमध्ये तो कमी करा, हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) 16 ते 235 च्या आत येईपर्यंत. नंतर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसला (एकाआड एक ओळींचं चित्र सलग करण्याला) 'बॉब' निवडून 50 फ्रेमची पाहायची प्रत काढा, पण लॉसलेस फाइल पुसू नका. चित्र 4:3 च ठेवा. रुंद पडद्यासाठी ताणलं की मालगुडीतल्या आर. के. लक्ष्मण यांच्या रेखाचित्रांच्या रेषा बसक्या होतात.

त्याच रेषा चाचणीसाठी उत्तम. मालगुडीच्या सुरुवातीच्या चित्रांच्या कडेला ठिपके सरपटताना दिसले तर ते पिवळ्या पिनेमुळे. एस-व्हिडिओने ते जातात, पण त्यासाठी तशी पिन असलेला व्हीसीआर लागतो.

स्टिकची खरी कमजोरी म्हणजे डळमळीत सिग्नल. सांधा किंवा सुरकुती आली की ती फ्रेम गाळते आणि तासाभरात ओठ आणि आवाज वेगळे पडतात. सॉफ्टवेअरमध्ये याला उपाय नाही. मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडा, पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस10 किंवा ईएस15 या कामासाठी नावाजलेला आहे. चित्र थोडं मऊ होतं, पण उभ्या रेषा थरथरायच्या थांबतात.

उतरवण्याआधी प्रसार भारतीच्या संग्रहात तो भाग आहे का ते बघा. असेल तर चित्र तिथलंच चांगलं. तरीही कॅसेटवरची निवेदिका, प्रायोजकांची पाटी आणि न छाटलेलं शीर्षकगीत कापू नका, ते सहसा दुसरीकडे मिळत नाही. फाइलला नाव देताना एक युक्ती: कॅसेटवर नुसतं 'जिंदगी' लिहिलेलं असतं, पण सतीश शाह दर भागात वेगळ्या पात्रात येतात. त्या भागातलं त्यांचं पात्र नावात लिहा, दहा वर्षांनी शोधतानाही भाग लगेच सापडेल.