फौजी माणसाचं पेडल

माझे एकूण 10,150 रुपये गेले. ऑनलाइन जाहिरातीतलं गिटारचं पेडल, म्हणजे आवाज बदलायची पायाने दाबायची पेटी, 9,000 चं होतं. म्हणजे फसवणुकीत वस्तू हातात न येता वर साडेअकराशे जादाच मोजले. त्यात मी एका पतसंस्थेत कॅशिअर. 'पिन कुणालाही सांगू नका' हा कागद काउंटरच्या काचेवर मीच सेलोटेप लावून चिकटवलाय. त्यामुळे हे लिहायला लाज वाटतेच, पण हा डाव आम्हा सातारकरांवर जरा जास्तच लागू पडतो, म्हणून लिहितो.

गिटार मी 2020 च्या लॉकडाउनमध्ये धरली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. एका बोटाने सगळ्या तारा दाबायच्या त्या एफ बार कॉर्डने वर्षभर रडवलं. सदर बझारला भाड्याच्या दोन खोल्या, पोरगी दहावीला, त्यामुळे वाजवायचं ते रात्री दहानंतर आणि कुणाला ऐकू न जाता. त्यासाठी मल्टी-इफेक्ट पेडल हवं होतं. गिटारची वायर त्यात लावायची, हेडफोन घालायचा, घर झोपलेलं राहतं. बॉस जीटी-१ मनात भरलं होतं. चार पेन्सिल सेलवर चालतं आणि त्यात लूपर आहे. लूपर म्हणजे आपण चार कॉर्ड वाजवून पायाने दाबलं की तेच फिरून फिरून वाजत राहतं आणि त्यावर आपण पेंटाटॉनिक, म्हणजे पाच सुरांची पट्टी, घोळवायची. लय धरायचं यंत्र, मेट्रोनोम, नुसता टकटक करतो. लूपर आपण चौथ्या मात्रेला कुठं घाई केली ते आपल्याच हाताने ऐकवतो. मला तेच पाहिजे होतं. नवं घ्यायचं तर जवळजवळ दुप्पट पैसे.

जुन्या वस्तूंच्या ॲपवर जाहिरात दिसली. 9,000, 'कंडिशन नवी, आर्मी पर्सन, बदली झाल्यामुळे विकणे आहे.' फोन केला. माणूस हिंदीत बोलत होता, अदबीने, प्रत्येक वाक्यात सर. पोस्टिंग पुण्यात, बदली जैसलमेरला. न मागता व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, ओळखपत्र आणि कँटीनचं कार्ड आलं. आणि तिथंच माझी अक्कल गहाण पडली.

कारण आमच्याकडे फौजी म्हटलं की प्रश्न संपतात. देशातलं पहिलं सैनिक स्कूल साताऱ्यात, 1961 चं. माझं आजोळ मिलिटरी आपशिंगे. पहिल्या महायुद्धात त्या गावचे 46 जवान कामी आले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे, लहानपणी आम्ही त्याच्याभोवती शिवाशिवी खेळलोय. घरटी एक माणूस सैन्यात असलेल्या गावाच्या भाच्याने वर्दीवर संशय घ्यायचा तरी कसा?

संशयाची जागा मात्र होती. मी विचारलं, "अडॅप्टर सेंटर निगेटिव्हच आहे ना?" पेडलच्या अडॅप्टरच्या पिनेत मधला भाग निगेटिव्ह लागतो, उलटा लावला तर पेडल जळायची भीती, त्यामुळे वापरणाऱ्याला हे ठाऊक असतं. पलीकडून उत्तर आलं, "हां सर, निगेटिव्ह है, पॉझिटिव्ह भी है." मी हसलो आणि मनात म्हटलं, असेल बिचारा, याला तांत्रिक कळत नसेल. व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवा म्हटलं तर "ड्यूटी पे कॅमेरा अलाउड नहीं."

'आर्मी कुरिअर'चे 1,150 आधी भरायचे, ते नंतर किमतीतून वजा होणार. भरले. दुसऱ्या दिवशी दुपारी 'डिलिव्हरीवाल्या'चा फोन. मागून ट्रकचे हॉर्न. गाडी साताऱ्याकडे निघालीय म्हणाला. मी उत्साहात विचारलं, "आनेवाडी टोलनाक्यापाशी आलात का?" "हां हां सर, आनेवाडी टोल पे ही हूं." झालं, माझी खात्री पटली. नाव मीच त्याच्या तोंडात घातलं होतं हे रात्री अंथरुणावर पडल्यावर कळलं.

माल उतरवायला म्हणे निम्मी रक्कम आधी जमा लागते. 4,500 पाठवले. बायको भाजी निवडत होती. "अहो, वस्तू आली नाही अजून, पैसे कसले देताय?" मी म्हटलं, आर्मीचं असतं तसं.

दहा मिनिटांनी परत फोन. एन्ट्री चुकीच्या कोडवर पडलीय, ते 4,500 परत करतो, दारात आल्यावर सगळे रोख द्या. यापेक्षा सरळ बोलणं काय असणार! त्याने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील. स्कॅन केला. स्क्रीनवर 4,500 आणि खाली बटणावर 'पे' लिहिलेलं. मी ते वाचलं. खरंच वाचलं. पण कानात "जल्दी सर, दो मिनट में क्यूआर एक्स्पायर हो जाएगा" चालू होतं. बोटाने पिन टाकला. टिंग वाजलं, पैसे कापले गेले. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही, हे मी आठवड्यातून चार म्हाताऱ्यांना समजावून सांगतो.

तेव्हाही तो म्हणाला, "सर, टेक्निकल है, एक बार और करना पडेगा." मग डोक्यात उजेड पडला.

अर्ध्या तासात 1930 ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर पाठ करून ठेवा, कारण त्या वेळी शोधायला हात चालत नाहीत. व्यवहाराचे नंबर तयार ठेवा, ते विचारतात. शेवटचे 4,500 समोरच्या खात्यात गोठवले गेले. आधीचे तोवर निघून गेले होते. गोठवलेले अजून माझ्या हातात आलेले नाहीत, कागद फिरतायत.

संध्याकाळी आपशिंग्याला मामांना फोन केला. निवृत्त सुभेदार. मला वाटलं धीर देतील. "आरं, नोकरीतला माणूस अनोळख्याला आपलं कार्ड दावत फिरंल का? पेडल विकाय वर्दी कशाला लागती त्याला?" एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. वर्दीचा वापर झाला याचा राग त्यांना माझ्या पैशांपेक्षा जास्त आला होता.

रात्री जाहिरातीचा फोटो मोठा करून पाहिला. पेडल खरं होतं, टेबल लाकडी, मागे भिंत. भिंतीवरच्या सॉकेटला दोन उभ्या चपट्या फटी. आपल्याकडच्या सॉकेटची भोकं गोल. फोटो अमेरिकेकडच्या कुणाच्या तरी घरातला होता आणि मी आठ दिवस तो रोज काढून बघत होतो. पेडलचे नॉब मोजले, भिंत बघितली नाही.

पुढे तीन महिन्यांनी कराडच्या एका इंजिनिअरिंगच्या पोराकडून तेच मॉडेल घेतलं. एसटीने गेलो, गिटार पाठीवर. त्याच्या आईने चहा ठेवला. तासभर वाजवून पाहिलं, लूपर लावला, प्रत्येक बटण दाबलं, तळाचा सीरियल नंबर बिलाशी ताडला. डावं फूटस्विच कधीकधी दोनदा दाबावं लागतं हे पोराने आपणहून सांगितलं. पैसे हातात दिले. निघताना तो अडॅप्टर पिशवीत घालायला लागला, तेव्हा मी म्हटलं, थांब जरा, बघू दे.

पिना गोल होत्या.